कुंद्याच्या बॉक्ससाठी इंडोनेशियाहून डायरेक्ट बोर्ड मागवावा का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशावर बोलतोय ते. बेळगावात खानापूर रोडला वडिलांचं मिठाईच्या बॉक्सचं युनिट आहे, कुंदा, करदंट, काजू असले बॉक्स करता, महिन्याला चार टन बोर्ड लागतो, ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा, एफबीबी (फोल्डिंग बॉक्स बोर्ड). इथला स्टॉकिस्ट किलोला ७४ रुपये लावतो, वर जीएसटी, आणि पंचेचाळीस दिवसांची उधारी देतो. आता एका एजंटनं व्हॉट्सअपवर इंडोनेशियाच्या मिलचा रेट पाठवलाय, ६९० डॉलर टन, सीआयएफ न्हावा शेवा, म्हणजे जहाजभाडं आणि विमा धरून त्या बंदरापर्यंत. डॉलर ८८ धरून तू हिशोब केलास, ६० रुपये ७२ पैसे किलो. म्हणजे किलोमागं तेरा रुपये, २४ टनाच्या कंटेनरला तीन लाखाच्या वर सुटतात, "मग काका, मागवू का डायरेक्ट, आणि काय काय कागदपत्रं लागतील?"

गुणाकार बरोबर केलायस. बाकी सगळंच चुकलंय, पण त्यात तुझा दोष नाही, मी पण पहिला कंटेनर असाच मागवला होता आणि तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं. सत्तावीस वर्षं झाली या धंद्यात, कागद घेणं, कागद विकणं, मधे सात-आठ वर्षं स्वतः बॉक्स पण केले, त्यामुळं दोन्ही बाजूंनी मार खाल्लाय.

पहिली गोष्ट, सरकारची किमान किमतीची अट चालू असेल तर ६९० डॉलरला तो माल आपल्या बंदरातून बाहेरच येत नाही. डीजीएफटीनं, म्हणजे केंद्राच्या परदेश व्यापार खात्यानं, ऑगस्ट २०२५ मध्ये व्हर्जिन (रिसायकल नसलेल्या) मल्टीलेअर पेपर बोर्डवर मिनिमम इम्पोर्ट प्राइस लावली, टनाला ६७,२२० रुपये सीआयएफ, ३१ मार्च २०२६ पर्यंत. तुझा एफबीबी म्हणजे तोच माल, वरखाली केमिकल पल्प, मधे मेकॅनिकल पल्प, सगळं व्हर्जिन. ६७,२२० ला ८८ नं भाग, साधारण ७६४ डॉलर येतात, आणि त्याखालचं इन्व्हॉइस घेऊन गेलास तर कस्टम्समध्ये माल अडकला म्हणून समज. ऑर्डर द्यायची त्या दिवशी ही अट कुठल्या तारखेपर्यंत आहे आणि आकडा तोच आहे का ते डीजीएफटीच्या साइटवर स्वतः उघडून बघायचं, एजंटच्या तोंडावर जायचं नाही, कारण हे असलं नोटिफिकेशन रात्रीत येतं आणि माल समुद्रात असतो. का लावली म्हणशील तर आपल्या मिलवाल्यांची ओरड होती, इंडोनेशियात अकेशियाची लागवड, पल्प तिथंच, मिल तिथंच, मशीन अजस्र, त्यामुळं त्यांचा भाव इथल्या मिलला झेपत नाही. मिलवाल्यांच्या जागी मी असतो तर मी पण ओरडलो असतो. बॉक्सवाल्याच्या जागी असलो की शिव्या घालतो.

आता तुझा एजंट यावर काय म्हणेल ते मी आत्ताच सांगतो. म्हणेल, काय टेन्शन घेऊ नका, आम्ही इन्व्हॉइस ७६५ चं करतो आणि वरचे पंच्याहत्तर डॉलर नंतर "ॲडजस्ट" करतो, पुढच्या मालात किंवा सिंगापूरहून किंवा रोखीत. हे ऐकलंस की फोन ठेवायचा. कस्टम्सला खोटी किंमत सांगणं एक, फेमाचं, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचं, लफडं दुसरं, आणि तिसरं म्हणजे ते पंच्याहत्तर डॉलर तुला कधीच परत मिळणार नाहीत, कारण मागणार कुठल्या कागदावर? माझ्या ओळखीतल्या एकानं असं केलं, पहिल्या कंटेनरचे पैसे आले, दुसऱ्याचे निम्मे आले, तिसऱ्यानंतर तो नंबरच लागेना.

तर ६७,२२० धरून हिशोब परत मांडू. कोट घेणारे नेहमी विसरतात ते ड्युटी. या बोर्डाचा कस्टम्स कोड ४८१० ९२ ००, बेसिक ड्युटी १० टक्के, त्या ड्युटीवर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, म्हणजे एकूण ११. टनाला ७,३९४ रुपये, कंटेनरला पावणेदोन लाखाच्या वर, आणि हे पैसे परत मिळत नाहीत, जीएसटीसारखं क्रेडिट नाही त्याला. पण भारत-आसियान करार १ जानेवारी २०१० पासून चालू आहे आणि इंडोनेशिया त्यात आहे, त्या कराराखाली या बोर्डावरची ड्युटी शून्यावर आलीय, त्यामुळं तुझ्याकडं ओरिजिन सर्टिफिकेट, त्याला फॉर्म एआय म्हणतात, ते बिनचूक असेल तर हे पावणेदोन लाख वाचतात. बिनचूक हा शब्द लक्षात ठेव. नुसतं सर्टिफिकेट सगळेच पाठवतात.

माझा किस्सा सांगतो. इन्व्हॉइसवर कोड ४८१० ९२, सर्टिफिकेटवर ४८१० १९. एवढंच. सहा आकड्यातले शेवटचे दोन. मिलमधल्या कुणीतरी जुन्या फाइलवरून कॉपी मारली असणार. आमच्या क्लिअरिंगवाल्यानं पण बघितलं नाही, मी पण नाही, बंदरात अधिकाऱ्यानं बघितलं. मग तिकडून दुरुस्त सर्टिफिकेट मागवा, तिकडं लेबारानची सुट्टी लागलेली, म्हणजे त्यांची ईद, आठवडाभर मिल बंद, सरकारी ऑफिस बंद, मेलला उत्तर नाही, आणि इकडं शिपिंग लाइनचे फ्री डेज संपले की डिटेन्शन, म्हणजे डबा अडकवून ठेवल्याचं भाडं, डॉलरमध्ये चालू, रोजचं. शेवटी ड्युटी भरून माल सोडवला. त्या कंटेनरमध्ये मला जे राहिलं त्यात पोरांना मिरज-मुंबई तिकिटं काढून फिरवून आणणं पण झालं नसतं. तेव्हापासून माझा नियम, माल जहाजावर चढायच्या आधी सर्टिफिकेटचा ड्राफ्ट मेलवर मागवायचा आणि इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर बोटानं टेकत वाचायचं, वजन, पॅकेजची संख्या, कोड, इन्व्हॉइस नंबर, तारीख. माल मिलचा आणि बिल सिंगापूरच्या ट्रेडरचं असेल तर सर्टिफिकेटवर थर्ड पार्टी इन्व्हॉइसिंगची नोंद हवी. वाटेत सिंगापूरला किंवा पोर्ट क्लांगला डबा बदलून दुसऱ्या जहाजावर चढतो, चालतं, पण बिल ऑफ लेडिंग इंडोनेशियापासून न्हावा शेवापर्यंत एकच हवं.

आणि २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नावाचे नियम आहेत, त्यानुसार सर्टिफिकेट दाखवलं म्हणजे काम झालं असं नाही, माल खरंच तिथं बनलाय हे माहीत असण्याची जबाबदारी तुझी, आयात करणाऱ्याची. तिथं किमान ३५ टक्के किंमत तयार झाली पाहिजे आणि कच्च्या मालाचा कोड बदलला पाहिजे, पल्प ४७ मध्ये आणि बोर्ड ४८ मध्ये म्हणजे ती अट सहसा बसते, पण त्याची माहिती एका फॉर्ममध्ये भरून पाच वर्षं जपून ठेवायची. मिलकडून ही माहिती ऑर्डरच्या आधी लिहून घे. ऑर्डर दिल्यावर कोण देत नाही.

बाकीची कागदपत्रं पटकन सांगतो, यात काही राम नाही. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढ, डीजीएफटीच्या साइटवर, ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ते अपडेट करायचं, नाहीतर बंद पडतं. बँकेचा एडी कोड, म्हणजे परदेशी व्यवहार करणाऱ्या तुझ्या शाखेचा नंबर. कागदासाठी वेगळं एक पिम्स आहे, पेपर इम्पोर्ट मॉनिटरिंग सिस्टिम, १ ऑक्टोबर २०२२ पासून, माल पोचायच्या ७५ दिवस आधीपासून ते ५ दिवस आधीपर्यंत ऑनलाइन रजिस्ट्रेशन करायचं, ५०० रुपये, नंबर लगेच येतो, तो बिल ऑफ एन्ट्रीवर, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदावर, टाकायचा. बिल ऑफ एन्ट्री जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत फाइल झाली पाहिजे, उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५ हजार, नंतर रोज १० हजार दंड. लाकडी पॅलेट असतील तर त्यावर लाकूड कीडमुक्त केल्याचा आयएसपीएम-१५ चा शिक्का आहे का ते फोटोत बघून घे. हे सगळं क्लिअरिंगवाला करतो, पण तारखा तुझ्या डायरीत असू देत, त्याच्याकडं तुझ्यासारखे दोनशे असतात.

आता जीएसटी, आणि इथं खरी कळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुझा बोर्ड १८ टक्क्यात गेला आणि तुझा बॉक्स ५ टक्क्यात आला. घेताना १८ भरायचे, विकताना ५ गोळा करायचे. उलटा कारभार. फरक रिफंडमध्ये मागता येतो, कलम ५४ खाली, पण फक्त मालावरचा, ट्रान्सपोर्ट आणि क्लिअरिंगच्या बिलावर जो जीएसटी भरलास तो त्या रिफंडमध्ये धरत नाहीत. कंटेनर आला की एका दमात टनाला १२,१०० रुपये आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, २४ टनाला २ लाख ९० हजार, बंदरावरच रोख. स्टॉकिस्टकडं पण १८ टक्केच भरतोस, पण तिथं महिन्याला चार टनावर भरतोस आणि ते पण उधारीत. हा फरक पोरांच्या लक्षात येत नाही.

तर आता बेरीज. सर्टिफिकेट बिनचूक आणि ड्युटी शून्य धरून, ६७,२२० टन. क्लिअरिंग, लाइनचे चार्जेस, न्हावा शेवाहून इथवर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास ट्रेलर, उतरवणं, सगळं मिळून कंटेनरला ९६ हजार धर, तुझा आकडा थोडा इकडंतिकडं येईल, टनाला चार हजार झाले. ७१,२२०. किलोला ७१ रुपये २२ पैसे. स्टॉकिस्ट ७४. किलोमागं सुटले पावणेतीन रुपये, कंटेनरला ६६ हजार सातशे. तीन लाखाचे झाले सदुसष्ट हजार, ठीक आहे, सदुसष्ट हजार पण काय झाडाला लागत नाहीत. पण थांब. मालाचे १७ लाख आणि आयजीएसटीचे २ लाख ९०, म्हणजे वीस लाख रुपये घातलेस. पैसे जहाज निघताना द्यायचे, माल साधारण महिन्यानं तुझ्या दारात, आणि महिन्याला चार टनानं तो संपायला सहा महिने. सरासरी चार महिने पैसे अडकले धर, बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) १२ टक्क्यानं, व्याज झालं ८० हजार. सदुसष्ट हजार वाचवायला ऐंशी हजार व्याज, आणि शिवाय स्टॉकिस्टची पंचेचाळीस दिवसांची फुकट उधारी गेली ती वेगळीच.

बरं हे सगळं माल चांगला आला असं धरून.

आता मला जे मुळात सांगायचंय ते. कागद घेतो आपण किलोवर आणि वापरतो चौरस मीटरवर. गिऱ्हाईक काय किलोनं बॉक्स घेत नाही. त्यामुळं ७४ का ७१ का ६० यावर भांडण्यात अर्थच नाही, जोवर एका टनात किती चौरस मीटर बोर्ड आला हे तू मोजत नाहीस.

मी सुरुवातीला कसं मोजायचो सांगतो. जीएसएम कटर घ्यायला तेव्हा पैसे नव्हते. मग आलेल्या गठ्ठ्यातला वरचा शीट नाही, वरचा नेहमी चांगला असतो, मधला ओढायचा, स्टीलच्या पट्टीनं आणि ब्लेडनं दहा सेंटिमीटर बाय दहाचे पाच तुकडे कापायचे, एक मधला आणि चार कोपऱ्यातले, रुमालात गुंडाळायचे आणि शहापुरात एका सोनाराकडं जायचं. तो आधी हसायचा, "काय ओ, आज किती तोळं आणलासा?" म्हणून. दहा बाय दहा म्हणजे चौरस मीटरचा शंभरावा भाग, तीन ग्रॅम भरला की ३०० जीएसएम, तीन पॉइंट शून्य नऊ भरला की ३०९. सोन्याचा काटा खोटं बोलत नाही. आता ३०९ म्हणजे जास्तच आला की, फायदा झाला असं वाटतं ना? तिथंच गंमत आहे. पैसे तू किलोचे दिलेस. २४ टनात ३०० जीएसएमनं ८० हजार चौरस मीटर यायला पाहिजे होते, ३०९ नं आले ७७,६७०. तेवीसशे तीस चौरस मीटर गायब. तुझा अर्धा किलोचा बॉक्स उलगडला तर तीस बाय चाळीस सेंटिमीटर धर, म्हणजे पॉइंट बारा चौरस मीटर, एकोणीस हजार चारशे बॉक्स कमी झाले, पन्नास हजार रुपयांच्या आसपासचा बोर्ड. आणि हे तीन टक्के टॉलरन्सच्या आतलं आहे, त्यामुळं क्लेम पण लागत नाही! मिल काही चोरी करत नाही, करारात प्लस-मायनस लिहिलेलं असतं आणि तू सही केलेली असतेस.

त्यामुळं करार करताना शीटमध्ये घेत असशील तर थिऑरेटिकल वेटवर बिल माग, म्हणजे शीटची संख्या गुणिले साइज गुणिले ठरलेला जीएसएम, खरं वजन काहीही भरो. रीलमध्ये घेतलास तर बहुतेक ग्रॉस फॉर नेट असतं, म्हणजे मधली कोर आणि वरचं गुंडाळलेलं रॅपर पण बोर्डाच्या भावानं तुझ्या गळ्यात. ते मान्य करायचं असेल तर कर, पण डोळे उघडे ठेवून कर.

मग दुसरा मुद्दा, तो ३०० कुठून आला? वडिलांनी डुप्लेक्स वापरला असणार आधी, करड्या पाठीचा, सगळेच वापरायचे, त्यात ३०० लागायचाच. नंतर मिठाईला रिसायकल बोर्ड नको म्हणून एफबीबीवर आलात, आणि ते बरोबरच केलंत, कुंदा म्हणजे खवा आणि तूप, करड्या बोर्डातली जुनी शाई त्यात उतरायला नको, पण आकडा तोच ठेवलात, ३००. एफबीबी फुगीर असतो, मधला मेकॅनिकल पल्प त्याला बल्क देतो, त्याच जाडीला वजन कमी लागतं. मायक्रोमीटर लावून बघ, नसेल तर कुठल्याही फौंड्रीतल्या मशीन शॉपमध्ये जा, उद्यमबागेत दर दुसऱ्या दारात मिळेल. चांगला एफबीबी २५० चा घेतलास तरी जाडी ३८० मायक्रॉनच्या वर भरतो, आणि ३०० चा डुप्लेक्स पण तिथंच कुठंतरी असतो. म्हणजे तू गेली कित्येक वर्षं गरजेपेक्षा जाड बोर्ड देतोयस आणि गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देत नाही.

एकदम २५० वर जा म्हणत नाही, २७० घे. ३०० नं तुझा एक बॉक्स ३६ ग्रॅमचा, २७० नं ३२ पॉइंट ४ चा. टनामागं २७,७०० ऐवजी ३०,८०० बॉक्स, वेस्टेज सोडून. चार टनाच्या जागी महिन्याला तीन टन सहाशे किलोत काम, आणि ७४ च्याच भावानं महिन्याला २९,६०० रुपये वाचले. महिन्याला. बँकेची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट) नाही, कंटेनर नाही, कस्टम्स नाही, दोन महिने झोप उडणं नाही. कंटेनरवर सहा महिन्यांत सदुसष्ट हजार, ते पण व्याजात बुडालेले, आणि इथं सहा महिन्यांत पावणेदोन लाखाच्या वर, आहे त्या स्टॉकिस्टकडून. जीएसएम कमी केलं की किलोचा रेट एखाद-दोन रुपये वाढवून सांगतील कदाचित, तरी पण सांगू देत, तू बॉक्सचा हिशोब कर.

बोर्डाची साइज ठरवताना ग्रेनचं, म्हणजे बोर्डातले तंतू कुठल्या दिशेनं आहेत त्याचं, पण बघ. मी एकदा पंचवीस बाय छत्तीसचे शीट मागवले आणि ग्रेन कुठल्या बाजूला ते लिहिलंच नाही, इथल्या बाजारात कोण विचारतंय. माल आला, छापून, पंच करून, चिकटवून सगळं झालं, दिवाळी तोंडावर, आणि दुकानात दहा बॉक्स एकावर एक ठेवले की खालच्या तिघांच्या लांब बाजूचं पोट सुटायचं आणि झाकण मधोमध खाटेसारखं खाली बसायचं. ग्रेन लांब बाजूनं पाहिजे होता, तो आडवा आला. बोर्डात एक दोष नव्हता, दोष माझ्या ऑर्डरमध्ये. एक शीट घेऊन दोन्ही बाजूंनी हातानं वाकवून बघितला असता तरी कळलं असतं, ज्या बाजूनं सहज वाकतो त्या घडीच्या रेषेला समांतर ग्रेन. पाच सेकंदाचं काम.

आणि आपला पाऊस. जुलैमध्ये पॅलेटचं प्लास्टिक आल्या आल्या फाडू नकोस. बाहेर खानापूरकडून येणारी ती ओली हवा, आत एवढा कोरडा बोर्ड, तासाभरात शीटच्या कडा लाटेसारख्या होतात आणि मशीनचा फीडर दोन-दोन शीट ओढायला लागतो, ऑपरेटर मशीनला शिव्या घालतो. एक दिवस-रात्र गोडाऊनमध्येच राहू दे, मग लागेल तेवढं एकच पॅलेट फोड, बाकीचं झाकून.

तू गोव्याचं विचारलं होतंस, मुरगाव एवढं जवळ असताना न्हावा शेवा कशाला. सगळेच विचारतात. अंतर कमी आहे खरं, पण कंटेनरची जहाजं तिथं मोजकी, जहाज चुकलं की डबा कुठंतरी बसून राहतो, आणि वरून चोर्ल्याचा घाट अवजड गाड्यांना कधी चालू कधी बंद, पावसाळ्यात तर विचारूच नको. हायवेनं निपाणीवरून सरळ येणारा ट्रेलर उशिरा का होईना, येतो.

पैसे पाठवण्याबद्दल पण एक वाक्य, एलसी न करता आगाऊ पैसे टीटीनं, म्हणजे थेट बँक ट्रान्सफरनं, पाठवायचे असतील तर बँक अकाउंट बदलल्याचा मेल आला की त्या मेलवर उत्तर द्यायचं नाही, आधीपासून असलेल्या नंबरला फोन करून विचारायचं. रुपयात पैसे देता येतात का हा तुझा प्रश्न पण चांगला होता. मार्च २०२४ मध्ये आरबीआय आणि बँक इंडोनेशियाचा आपापल्या चलनात व्यवहार करायचा समझोता झालाय, पण मला आजवर एकानं पण रुपयात कोट दिलेला नाही, सगळे डॉलरच म्हणतात. त्यामुळं माल यायच्या आत डॉलर दीड रुपया वर गेला तरी टनाला हजाराच्या वर गेले, ते पण धरून ठेव.

आणि तो फौंड्रीवाला तुझ्याकडं कास्टिंगच्या सात प्लाय बॉक्ससाठी युरोपच्या जंगलतोड कायद्याचं सर्टिफिकेट मागतोय म्हणालास, त्याला सांग की दुसऱ्या मालाचं नुसतं पॅकिंग म्हणून जाणारा बॉक्स त्यात येत नाही, बॉक्स हाच माल म्हणून विकला तर येतो. त्याचं गिऱ्हाईक तरीही मागत असेल तर क्राफ्ट कुठल्या मिलचा ते बिलावर लिहून दे, बहुतेकांना तेवढंच पाहिजे असतं.

कंटेनर कधीच मागवू नकोस असं नाही म्हणत. महिन्याला पंधरा-वीस टन लागायला लागले की विषय वेगळा, दीड महिन्यात कंटेनर संपतो, व्याज बसत नाही, आणि मिल पण तुझ्या साइजचा माल कापून देते. तोवर चव बघायची असेल तर बेळगाव-कोल्हापूरचे तुझ्यासारखे चौघं मिळून एक डबा करा, पण एकाच्या नावावर, आणि जीएसएम, साइज आणि ग्रेन तिघा-चौघांचं एकच ठरवून, त्यावरून भांडणं होतात हे आत्ताच सांगतो.

या आठवड्यात फक्त एवढं कर. स्टॉकिस्टकडून २७० चे दोन पाकिटं आण, सॅम्पल म्हणून, पैसे देऊन आण. पन्नास बॉक्स तुझ्याच डायवर काढ, क्रीजची, म्हणजे घडीच्या खाचेची, खोली थोडी बदलावी लागेल, बोर्ड पातळ झाला की जुनी क्रीज ढिली बसते. वर कन्नड-मराठी-इंग्रजी तिन्ही छापाईसकट काढ, कोरे नको, शाईनं आणि वार्निशनं पण बोर्ड जरा वागणं बदलतो. बटर पेपर घालून अर्धा-अर्धा किलो कुंदा भर, गरम असतानाच, दुकानदार भरतात तसा. दहा-दहाची थप्पी लावून रात्रभर ठेव आणि सकाळी सगळ्यात खालचा बॉक्स उघडून बघ, झाकण दबलंय का आणि कोपऱ्यात तूप उतरलंय का.